पल्ला कोणाच्या दारातून मोजायचा?

क्षेपणास्त्रांच्या बातम्यांत 'मध्यम पल्ल्याचे' हा शब्द आपण इतक्या वेळा वाचतो की त्यात काही विचारण्यासारखे आहे असे वाटतच नाही. लांब पल्ल्याचे म्हणजे भयंकर, मध्यम पल्ल्याचे म्हणजे त्याहून जरा सौम्य, अशी समजूत नकळत मनात बसते. उर्दू वर्तमानपत्रे याच अस्त्राला 'दरमियानी फासले तक मार करने वाला' म्हणतात. आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो आणि मराठीत लिहितो, त्यामुळे हे दोन्ही शब्द आमच्यासमोर शेजारी शेजारी येतात. 'मध्यम' म्हटले की डोळ्यांपुढे आकार येतो. 'दरमियान' म्हटले की जागा येते, दोघांच्या मधली. या लेखात आम्हाला त्या मधल्या जागेविषयी बोलायचे आहे.

मध्यम म्हणजे नेमके किती? अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या १९८७ च्या करारात उत्तर आहे : ५०० ते ५५०० किलोमीटर. यातला वरचा आकडा कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. १८ जून १९७९ रोजी व्हिएन्ना येथे कार्टर आणि ब्रेझनेव्ह यांनी 'सॉल्ट-२' करारावर सह्या केल्या. त्यात आंतरखंडीय क्षेपणास्त्र कशाला म्हणावे याची व्याख्या करावी लागली. अमेरिकेच्या मुख्य भूमीची ईशान्य सीमा आणि सोव्हिएत संघाच्या मुख्य भूमीची वायव्य सीमा यांच्यातले कमीत कमी अंतर जे ओलांडू शकते ते, म्हणजेच ५५०० किलोमीटरहून अधिक पल्ल्याचे क्षेपणास्त्र, अशी ती व्याख्या झाली. अस्त्र किती माणसे मारते, किती शहरे जाळते, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. दोन घरांच्या दारांमधले ते अंतर आहे. एका दारातून निघून दुसऱ्या दारापर्यंत पोहोचणारे अस्त्र मोजायचे. जे पोहोचत नाही ते वाटेत कुठेतरी पडेल. तिथे कोण राहते हा त्या व्याख्येचा विषय नव्हता.

वाचकांनी घरातल्या मुलांचा पृथ्वीगोल घ्यावा, दोरीने ५५०० किलोमीटरचे प्रमाण मोजून एक टोक मुंबईवर धरावे आणि दुसरे टोक फिरवावे. मक्का, कैरो, इस्तंबूल, ताश्कंद, मॉस्को, बीजिंग, जकार्ता ही सारी शहरे त्या दोरीच्या आत येतात. निम्म्याहून अधिक माणुसकी एका 'मध्यम' शब्दात मावते.

दोन बलवान शत्रू आपसातले भय कमी करण्यासाठी करार करतात तेव्हा मधल्या माणसाचे भय कोणी लिहून घ्यायचे, हा पहिला प्रश्न. आणि सगळ्यांचे भय एकाच कागदावर आणायचे ठरवले तर तो कागद कधी लिहून होईल का, हा दुसरा. पहिला प्रश्न नीतीचा आणि दुसरा व्यवहाराचा, अशी वाटणी लोक सहज करून टाकतात. आम्हाला दोन्ही प्रश्न नीतीचेच वाटतात. करार अपुरा राहिला तर त्याची किंमत कोणीतरी मोजतो, आणि पूर्णाच्या हट्टापायी करार झालाच नाही तर त्याचीही किंमत कोणीतरी मोजतो. बहुतेक वेळा तो एकच माणूस असतो.

१९६९ साली हेलसिंकीत बोलणी सुरू झाली तेव्हाच हा वाद निघाला होता. सोव्हिएत पक्षाचे म्हणणे असे की जे जे अमेरिकी अस्त्र आमच्या भूमीवर पडू शकते ते ते मोजलेच पाहिजे, मग ते युरोपातल्या तळावरच्या विमानात का असेना. अमेरिका म्हणे, ती विमाने आमच्या मित्रांच्या रक्षणासाठी आहेत, ती या हिशेबात येत नाहीत. गंमत अशी की पश्चिम युरोपवर रोखलेली सोव्हिएत क्षेपणास्त्रे अमेरिकेपर्यंत पोहोचत नव्हती, म्हणून तीही हिशेबाबाहेरच राहिली. १९७२ च्या करारात दोघांनी आपापली दारे सांभाळली. अंगण तसेच राहिले.

मग त्या अंगणात गर्दी होऊ लागली. एका दाराला कुलूप लागले की चोर दुसरी वाट शोधतो, तसेच शस्त्रांचे आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत संघाने 'एसएस-२०' हे क्षेपणास्त्र आणले. पल्ला सुमारे ५००० किलोमीटर, म्हणजे व्याख्येच्या रेषेच्या जरासा आत. प्रत्येकावर तीन वॉरहेड, आणि गाडीवरून कुठेही हलवता येणारे. १९७७ साली पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी लंडनच्या भाषणात बोलून दाखवले की दोन महासत्तांची वरची बरोबरी झाली तर खालची विषमता युरोपच्या डोक्यावर येईल. १२ डिसेंबर १९७९ रोजी नाटोने ठरवले की बोलणीही करायची आणि उत्तरादाखल आपली क्षेपणास्त्रेही युरोपात आणायची : १०८ 'पर्शिंग-२' आणि ४६४ क्रूझ. पर्शिंगचा पल्ला सुमारे १८०० किलोमीटर सांगितला जाई. अमेरिका म्हणे, ते मॉस्कोपर्यंत पोहोचत नाही. मॉस्कोला ते पटत नव्हते. पश्चिम जर्मनीतून निघालेले असे अस्त्र सोव्हिएत भूमीवर पडायला दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागणार होता. एवढ्या वेळात धोक्याची घंटा खरी की खोटी हे कोणी ठरवायचे? लांब पल्ल्याचे अस्त्र अर्धा तास तरी देते. पल्ला कमी झाला की विचार करायचा वेळही कमी होतो, म्हणून 'मध्यम' अस्त्राला सौम्य म्हणणे ही मोठी भूल आहे.

मधल्या माणसांना हे राज्यकर्त्यांच्या आधी कळले. ऑक्टोबर १९८१ मध्ये बॉनला सुमारे तीन लाख माणसे जमली. त्याच वर्षी सप्टेंबरात वेल्समधल्या कार्डिफहून काही स्त्रिया चालत इंग्लंडातल्या ग्रीनहॅम कॉमन या हवाई तळापर्यंत गेल्या आणि तिथेच राहिल्या. डिसेंबर १९८२ मध्ये सुमारे तीस हजार स्त्रियांनी हातात हात घालून त्या तळाला वेढा दिला. क्षेपणास्त्रे १९८३ साली आलीच, ती आली म्हणून त्या बायका उठून गेल्या नाहीत. आमच्याकडे 'बायकांना राजकारणातले काय कळते' असे म्हणणारे लोक आजही मोहल्ल्या-मोहल्ल्यात भेटतात, त्यांच्यासाठी ही नोंद करून ठेवली. जर्मनीत तर त्या काळी एक कडवट विनोद चालायचा. पल्ला जितका कमी तितके मेलेले जर्मन जास्त, अशा अर्थाचा. सीमेच्या दोन्ही बाजूंना जर्मनच राहत होते.

जिनिव्हातल्या बोलण्यांची हकीकत लांबवत नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये ती सुरू झाली, जुलै १९८२ मध्ये दोन वाटाघाटकार, अमेरिकेचे नित्झे आणि सोव्हिएत संघाचे क्वित्सिन्स्की, जंगलात फिरायला गेले आणि ओंडक्यावर बसून आपसात एक तोडगा लिहून आले. तो दोन्ही राजधान्यांनी झिडकारला. नोव्हेंबर १९८३ मध्ये सोव्हिएत शिष्टमंडळ उठून गेले. ब्रिटन आणि फ्रान्सची अण्वस्त्रे कोणाच्या खात्यात धरायची, यावर बरेच घोडे अडले होते. ती अमेरिकेची नव्हती, पण मॉस्कोवर पडणाऱ्या अस्त्राच्या पाठीवर कोणाचे निशाण आहे याने मॉस्कोला काय फरक पडणार होता?

खरा नैतिक पेच पुढे आला तो आशियाचा, आणि त्याकडे आपल्याकडच्या लेखनात फारसे लक्ष गेलेले नाही. 'एसएस-२०' पैकी सुमारे एक तृतीयांश क्षेपणास्त्रे उरल पर्वताच्या पलीकडे, आशियाच्या बाजूला होती. युरोपातली काढून घ्यायची असे ठरले तर ती पूर्वेकडे नेऊन ठेवता आली असती. गाडीवरचीच अस्त्रे ती. पॅरिस आणि बॉनची झोप सुखाची झाली असती आणि टोकियो, सोल, बीजिंगची उडाली असती. १९८३ साली विल्यम्सबर्गच्या परिषदेत जपानचे पंतप्रधान नाकासोने यांनी सुरक्षितता जगभराची एकच मानली पाहिजे हा मुद्दा लावून धरला आणि तो त्या परिषदेच्या निवेदनात आला. तरीही ऑक्टोबर १९८६ मध्ये रेक्याविकला रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले तेव्हा जो आराखडा पुढे होता तो असा : युरोपात शून्य, सोव्हिएत आशियात १०० वॉरहेड, अमेरिकेच्या भूमीवर १००. युरोपासाठी शून्य आणि आशियासाठी शंभर! भयाची कमी-जास्त किंमत इतक्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच लिहिली गेली असेल.

जुलै १९८७ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी आशियातला तो शंभरांचा वाटाही सोडून दिला. यात उदारता किती होती आणि सोय किती होती? दोन्ही होत्या. सोय अशी की शंभर ठेवली तर ती शंभरच आहेत हे तपासत बसावे लागते. शून्य ठरले की एकही दिसले तरी करार मोडला, हिशेब संपला. परंतु त्या सोयीमागे जपानची तक्रार होती, चीनची तक्रार होती, आणि ती ऐकावी लागली हे महत्त्वाचे. करारावर सह्या दोघांच्याच, पण करार जिथे लागू झाला ती भूमी तिसऱ्यांच्या भयाचाही विचार करून आखली गेली.

८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनला हा 'आयएनएफ' करार झाला. १ जून १९८८ पासून अंमल सुरू झाला आणि तीन वर्षांत २६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. सोव्हिएत १८४६, अमेरिकी ८४६. ज्याच्याकडे जास्त होती त्याने जास्त मोडली, आणि याला कोणी अन्याय म्हटले नाही. एकमेकांच्या कारखान्याच्या फाटकावर तपासनीस बसले. रशियात व्होत्किन्स्कला अमेरिकेचे, अमेरिकेत युटा राज्यातल्या मॅग्नाला सोव्हिएत. विश्वास असेल तर तपासणी कशाला, असे भाबडेपणाने विचारणाऱ्यांना आम्ही एक आठवण देतो. कुरआन शरीफातली सर्वात लांब आयत सूरह बकरात आहे आणि ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. भावाभावांतल्या उधारीला साक्षीदार लागतात तर शत्रूंच्या अण्वस्त्रांना का नकोत? साक्षीदार ठेवणे हा अविश्वासाचा अपमान मानू नये. उलट त्यामुळे दोघांनाही उद्या एकमेकांच्या तोंडाकडे पाहता येते.

इथवर वाचून हा करार म्हणजे आदर्शच, असे वाटू शकेल. तसे नाही. त्याची बंदी जमिनीवरून सुटणाऱ्या अस्त्रांवर होती. तीच अस्त्रे जहाजावरून, पाणबुडीतून किंवा विमानातून सुटणार असतील तर मोकळीक होती. आणि तो दोघांनाच बांधत होता. या दुसऱ्या गोष्टीचा अर्थ काय होतो हे कळायला तीन महिनेही लागले नाहीत. सह्या डिसेंबर १९८७ मध्ये झाल्या. फेब्रुवारी १९८८ अखेर इराक आणि इराण यांच्यात 'शहरांचे युद्ध' पुन्हा पेटले. इराकने सोव्हिएत बनावटीच्या 'स्कड' क्षेपणास्त्राचा पल्ला वाढवून 'अल-हुसैन' हे अस्त्र तयार केले होते. मूळ पल्ला सुमारे ३०० किलोमीटर, तो ६०० च्या पुढे नेला, कारण तेहरान तेवढे दूर होते. सुमारे दोन महिन्यांत दोनशेच्या जवळपास अशी क्षेपणास्त्रे इराणच्या शहरांवर पडली, इराणनेही बगदादवर स्कड सोडली, आणि तेहरानमधून लोक लाखांनी बाहेर पडले. त्यांच्यावर अणुबॉम्ब नव्हते म्हणून आपण आज आकडे मोजू शकतो. ज्या पल्ल्याचे अस्त्र मॉस्को आणि वॉशिंग्टन कापून टाकत होते, त्याच पल्ल्याचे अस्त्र एका मुसलमान देशाने दुसऱ्या मुसलमान देशाच्या राजधानीवर सोडले, तेही हजरत हुसैन (रजि.) यांचे नाव देऊन. त्याच वर्षी सौदी अरेबियाने चीनकडून मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे घेतल्याचे उघड झाले. तेव्हा महासत्तांकडे बोट दाखवून आपले हात धुतले असे समजू नये. उम्मतच्या गोष्टी भाषणांत खूप होतात.

तिसऱ्या पक्षाला करारात जागा कशी द्यावी, याचा एक जुना दाखला आपल्या इतिहासात आहे. अणुयुगाचे उत्तर सीरतमध्ये आयते सापडते असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्यांची आम्हाला भीतीच वाटते. परंतु करार म्हणजे काय हे समजायला हुदैबियाइतका खोल प्रसंग दुसरा सापडणार नाही. हिजरी ६, म्हणजे इ. स. ६२८. हजरत पैगंबर मुहम्मद (स.) आणि मक्केचे कुरैश यांच्यात दहा वर्षे न लढण्याचा करार झाला. त्यातली दोन कलमे बहुतेक सर्वांना माहीत असतात : त्या वर्षी मुसलमानांनी उमरा न करता परत जायचे, आणि मक्केहून कोणी पालकाच्या परवानगीशिवाय मदिनेला आला तर त्याला परत पाठवायचे. शाई वाळण्याआधी कुरैशांच्या वतीने बोलणारे सुहैल यांचाच मुलगा अबू जंदल पायातल्या साखळदंडांसह मुसलमानांच्या छावणीत येऊन पडला. त्याला परत द्यावे लागले. हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्यांचे मन त्या दिवशी हेलावले होते. दोघांच्या शांततेची किंमत पहिल्याच दिवशी एका तिसऱ्याने मोजली. ही गोष्ट आपण वाजात ऐकतो ती कराराच्या विजयाची म्हणून. अबू जंदलच्या बाजूने क्वचितच ऐकतो.

पण त्याच करारात आणखी एक कलम होते. इतर कबिल्यांना हवे तर ते या बाजूने किंवा त्या बाजूने करारात सामील होऊ शकत होते. खुजाआ हा कबिला मुसलमानांच्या बाजूने आला, बनू बक्र कुरैशांच्या बाजूने. याचा अर्थ असा की खुजाआवर झालेला हल्ला हा करारावरचा हल्ला ठरणार होता, आणि तसेच झाले. पुढे करार मोडला तो मक्का-मदिनेच्या थेट लढाईने नव्हे. बनू बक्रने खुजाआवर रात्री घाला घातला, कुरैशांनी त्यांना मदत केली, आणि 'ते आमचे काम नव्हते, आमच्या मित्राचे होते' ही सबब चालली नाही. मधला माणूस करारात मोजला गेला होता. हेलसिंकीत 'मित्रांची विमाने मोजायची नाहीत' आणि जिनिव्हात 'ब्रिटन-फ्रान्सची अस्त्रे वेगळी' म्हणणाऱ्यांना जो पेच सुटला नाही, त्याचे एक टोक वाळवंटातल्या त्या कागदावर पकडलेले दिसते. दार उघडे ठेवायचे, आत यायची सक्ती करायची नाही, पण जो आत आला त्याचे दुखणे आपले मानायचे.

अमेरिका आणि रशियाने ऑक्टोबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हेच सुचवले होते, की आमचा करार सर्वांसाठी खुला व्हावा. कोणी आत आले नाही. का यावे? या दोघांकडे त्यानंतरही आंतरखंडीय क्षेपणास्त्रे होती, पाणबुड्या होत्या, हजारो वॉरहेड होती. ज्यांची सगळी शिदोरीच मध्यम पल्ल्याची त्यांना सांगायचे की तुम्ही तीच टाका, हा बरोबरीचा व्यवहार होत नाही. चीनच्या जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांपैकी ९० टक्क्यांहून अधिक या बंदीत आली असती, असे अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल हॅरिस यांनीच २०१७ साली सांगितले. ते तक्रार म्हणून सांगत होते. चीनच्या बाजूने पाहिले तर तीच न येण्याची सबब होती.

पुढची पडझड थोडक्यात सांगतो. २०१४ साली अमेरिकेने रशियावर करारभंगाचा आरोप उघडपणे केला. रशियाने तो नाकारला आणि उलट आरोप केले. २ ऑगस्ट २०१९ रोजी करार संपला. त्याच महिन्यात अमेरिकेने पूर्वी बंदी असलेल्या पल्ल्याच्या क्रूझ क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. एप्रिल २०२४ मध्ये अशी अमेरिकी यंत्रणा फिलिपाईन्समध्ये पोहोचली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाने 'ओरेश्निक' हे मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र युक्रेनमधल्या द्नीप्रो शहरावर सोडले, अर्थात अण्वस्त्राविना. ऑगस्ट २०२५ मध्ये अशी अस्त्रे तैनात न करण्याचा स्वतःवर घालून घेतलेला निर्बंधही रशियाने उठवला. लांब पल्ल्याच्या अस्त्रांवरचा 'न्यू स्टार्ट' करार एकदाच पाच वर्षे वाढवता येत होता, तो २०२१ मध्ये वाढवून झाला होता. त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. अंगण तर मोकळे झालेच होते, दारांची कुलपेही गेली.

नवा करार करायचा तर अडचणी खऱ्या आहेत, त्या हसण्यावारी नेता येत नाहीत. मध्यम पल्ल्याच्या बहुतेक अस्त्रांवर अणुबॉम्बही बसतो आणि साधा बॉम्बही. बाहेरून पाहून काय ओळखणार? साध्या अस्त्रांना मोकळीक दिली तर करार पोकळ होतो, आणि त्यांच्यावरही बंदी घातली तर ज्यांचे सारे संरक्षण त्यांवर आहे ते देश बाहेर राहतात. त्याहून मोठी अडचण साखळीची. पाकिस्तान म्हणतो आमची अस्त्रे भारतामुळे. भारत म्हणतो आमचा हिशेब चीनशीही आहे. चीन म्हणतो अमेरिकेने आधी कमी करावी, कारण आमच्याकडे सुमारे ६०० वॉरहेड आणि त्यांच्याकडे नि रशियाकडे प्रत्येकी ५००० च्या वर. अमेरिका म्हणते चीन बसणार नसेल तर आम्ही दोघांनीच का बांधून घ्यावे? प्रत्येकाचे बोट पुढच्याकडे, आणि वर्तुळ पूर्ण. यात कोणीही धडधडीत खोटे बोलत नाही, हेच तर कठीण आहे. मात्र 'सगळे बसल्याशिवाय आम्ही बसणार नाही' हे वाक्य न्यायाचे वाटत असले तरी ते कोणाच्या तोंडी आहे हे पाहावे. ज्याच्याकडे ५००० आहेत त्याने ६०० वाल्याला आधी ये म्हणणे, आणि तो येत नाही म्हणून स्वतः उठून जाणे, याला आम्ही सबब म्हणू. १९८७ साली जास्त असणाऱ्याने जास्त मोडली होती.

आता आपल्या घराकडे येऊ, कारण या विषयात भारतीय उपखंड पाहुणा नाही. इस्लामाबाद ते दिल्ली अंतर सातशे किलोमीटरच्या आत आहे, मुंबई ते कराची नऊशेच्या आत. युरोपला ज्या दहा मिनिटांची धडकी भरली होती तेवढी मिनिटेही इथे हातात नसतात. अमेरिकेच्या व्याख्येत आपली बहुतेक अस्त्रे 'मध्यम' किंवा त्याहून खालची; आपल्यासाठी आणि शेजाऱ्यासाठी तीच शेवटची. नावे पाहा. त्यांनी घोरी, गझनवी, अब्दाली ठेवली. आपल्या 'पृथ्वी'चा अर्थ धरती, पण त्यांना त्यात पृथ्वीराज ऐकू आला. त्या नावांचा हिशेब मग इथल्या नाक्यावर इथल्या मुसलमानाला विचारला जातो, जणू घोरीची चाचणी आमच्या गल्लीतून झाली. दुसरीकडे 'अग्नी' आणि 'पृथ्वी' घडवणाऱ्या कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. अब्दुल कलाम होते. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. आमच्या शाळांच्या भिंतींवर त्यांची तसबीर असते. पण हा अभिमान आम्ही अनेकदा निष्ठेचा दाखला म्हणून खिशात ठेवतो, आणि मग त्या अस्त्रांविषयी साधा प्रश्नही विचारायला कचरतो. प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे, त्यासाठी दाखला लागू नये.

भारत-पाकिस्तानने काहीच केले नाही असेही नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ चा. त्यानुसार १९९२ पासून १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्यांची देवघेव होत आली, कारगिलनंतरही झाली. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोर जाहीरनामा झाला. ३ ऑक्टोबर २००५ रोजी आणखी एक करार झाला, की बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेण्याआधी किमान तीन दिवस दुसऱ्याला कळवायचे. त्यात क्रूझ क्षेपणास्त्रे धरली नाहीत. ९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी भारतातून चुकून सुटलेले एक ब्रह्मोस, तेही क्रूझच, पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर बॉम्ब नव्हता आणि कोणी मेले नाही. भारताचे खेद व्यक्त करणारे निवेदन दोन दिवसांनी आले, आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. मे २०२५ मध्ये मात्र दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रे आणि ड्रोन जाणूनबुजून वापरली.

आमची अपेक्षा मोठी नाही. शून्याची भाषा इथे आज कोणी ऐकणार नाही हे दिसते. चीन येईपर्यंत थांबायचे असेल तर आमच्या विद्यार्थ्यांची नातवंडेही थांबतील. पण २००५ च्या कागदात क्रूझ क्षेपणास्त्रांचे एक कलम घालायला चीनची परवानगी लागत नाही. चुकून सुटलेल्या अस्त्राची खबर दोन दिवसांनी न देता त्याच मिनिटाला द्यायची, हे लिहून घ्यायलाही लागत नाही. आणि असा कागद पुन्हा काढला गेला तर त्यात शेजाऱ्यांना सामील होण्याचे कलम ठेवावे. लाहोर, अमृतसर किंवा दिल्लीवर काही पडले तर वाऱ्याबरोबर येणारी राख काठमांडू आणि ढाक्यालाही विचारून येणार नाही, आणि त्यांच्याकडे तर एकही अण्वस्त्र नाही. खुजाआप्रमाणे त्यांनाही करारात येता यावे. ते कोणाच्या बाजूने येतील हे त्यांचे त्यांनी ठरवावे.